सुरुंगापासून मलमापर्यंत

चंद्रपूरच्या कोळसाखाणींतले सुरुंगाचे आवाज तिथल्या मुलांच्या ओळखीचे असतात. सुरुंगाच्या इतिहासातलं एक द्रव्य, नायट्रोग्लिसरीन, औषध म्हणूनही वापरतात हे मात्र वर्गात सहसा सांगितलं जात नाही.

१८४७ साली इटलीतल्या सोब्रेरोने ते बनवलं, जिभेवर ठेवलं, आणि त्याचं डोकं ठणकू लागलं. नोबेलने १८६७ साली त्यापासून डायनामाइट केलं. मग कारखान्यांतल्या कामगारांचीही डोकी दुखू लागली, विशेषतः सोमवारी! आठवडाभरात शरीर सरावे, सुटीत ती सवय मोडे. कारण एकच, रक्तवाहिन्या सैल पडत. १८७९ साली लंडनच्या मरेलने याच गुणाचा उपयोग हृदयशूळावर केला.

गुदद्वाराच्या चिरेवर, म्हणजे फिशरवर, ते यायला आणखी शतक लोटलं. फिशरमध्ये तिथला स्नायू आवळतो, रक्त कमी पोचतं, चीर भरत नाही. नायट्रोग्लिसरीनपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होऊन स्नायू सैलावतो. १९९७ साली ब्रिटनमध्ये ८० रुग्णांवर ०.२ टक्क्याचं मलम तपासलं गेलं. आठ आठवड्यांत सुमारे ६८ टक्के बरे झाले. औषधाविना मलमाने ८ टक्के.

कामगारांची डोकेदुखी मलमातही उतरली आहेच. म्हणून डॉक्टर सांगतील तेवढंच, बोटाला आवरण घालून लावावं, हात धुवावेत, लगेच उठू नये. व्हायग्रासारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते मुळीच लावू नये. गडचिरोलीतल्या आतल्या गावांना दवाखाना लांब, त्यात दुखणं लाजेचं. शेजाऱ्याची उरलेली ट्यूब गुपचूप मागून आणण्याचा मोह होणारच. पण घेणाऱ्याला हृदयविकाराच्या गोळ्या चालू असतील, तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. आणि रक्त पडतंय ते फिशरमुळेच, हे तरी कोणी तपासलेलं असतं?