इव्हर्डाँची शाळा आणि परदेशात घडलेले शिक्षक

प्रस्तावना

शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या तरुणाने काही काळ दुसऱ्या देशातील शाळेत राहावे, तेथे शिकावे आणि शिकवावेही, ही कल्पना आज परिचित आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी युरोपात तिचा एक मोठा प्रयोग झाला. त्याचे केंद्र होते स्वित्झर्लंडमधील इव्हर्डाँ गावची योहान हाइनरिख पेस्टालॉझी (१७४६–१८२७) यांची शाळा. तेथे आलेल्या तरुणांनी एकच शाळा पाहिली, पण ते परतताना वेगवेगळ्या गोष्टी घेऊन गेले. असे का झाले, हा या पाठाचा विषय आहे.

१. इव्हर्डाँची शाळा

ही शाळा १८०५ ते १८२५ या काळात गावातील जुन्या किल्ल्यात भरत असे. गाव फ्रेंच भाषिक होते. शाळेत मात्र जर्मन आणि फ्रेंच या दोन्ही भाषा चालत. शिक्षक मुलांसोबतच राहत.

शब्दाआधी वस्तू आणि नियमाआधी निरीक्षण, हे पेस्टालॉझींचे मुख्य सूत्र होते. भूगोलाचे उदाहरण घ्या. मुलांना प्रथम गावाजवळच्या एका ओढ्याच्या खोऱ्यात नेत. तेथून ती चिकणमाती आणत आणि पाहिलेल्या खोऱ्याचा उठावाचा नमुना तयार करत. त्यानंतरच त्यांच्यापुढे नकाशा ठेवला जाई. पुढे आधुनिक भूगोलाचे एक संस्थापक मानले गेलेले कार्ल रिटर यांनी या शाळेला भेट दिली होती आणि आपण पेस्टालॉझींचे ऋणी आहोत, असे मान्य केले होते.

२. प्रशियाने पाठवलेले छात्राध्यापक

१८०६ मध्ये नेपोलियनने येनाच्या लढाईत प्रशियाचा पराभव केला. १८०७ च्या तिल्सितच्या तहाने राज्याचा जवळजवळ निम्मा प्रदेश गेला. अशा वेळी राष्ट्राची उभारणी शिक्षणातून करावी, हा विचार पुढे आला. तत्त्वज्ञ फिख्टे यांनी १८०७–०८ च्या हिवाळ्यात बर्लिनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत पेस्टालॉझींच्या कार्याकडे लक्ष वेधले. १८०९ मध्ये शिक्षण विभागाची सूत्रे विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांच्याकडे आली. त्याच सुमारास सरकारी खर्चाने निवडक तरुणांना इव्हर्डाँला पाठवण्यास सुरुवात झाली.

या तरुणांना विभागातील अधिकारी सूवर्न यांनी दिलेली सूचना लक्षात घेण्यासारखी आहे. केवळ बाह्य पद्धत उचलून आणू नका, त्या माणसाच्या अंतःकरणातील प्रेम आणि सामर्थ्य यांची ऊब घेऊन या, असा तिचा आशय होता. हे तरुण शाळेत राहत, शिकत आणि शिकवतही. मायदेशी परतल्यावर त्यांतील काही जण अध्यापक विद्यालयांत शिक्षक व प्रमुख झाले. अशा रीतीने थोड्यांचा अनुभव पुढच्या शिक्षकांपर्यंत पोहोचला.

३. एकच शाळा, दोन अनुभव

फ्रीडरिख फ्रोबेल हे फ्रँकफुर्टमधील एका कुटुंबातील तीन मुलांचे खासगी शिक्षक होते. १८०८ मध्ये ते या मुलांना घेऊन इव्हर्डाँला आले आणि १८१० पर्यंत राहिले. तेथे ते एकाच वेळी विद्यार्थीही होते आणि शिक्षकही. मुलांचे खेळ व मोकळ्या हवेतील फिरणे यांचे महत्त्व त्यांना तेथे प्रकर्षाने जाणवले. मात्र विषयांचा एकमेकांशी मेळ बसत नाही, ही उणीवही त्यांनी पाहिली. तिच्यावर त्यांनी पुढे अनेक वर्षे काम केले. १८३७ मध्ये त्यांनी ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था सुरू केली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. म्हणजे किंडरगार्टन ही इव्हर्डाँची नक्कल नव्हती.

कार्ल फॉन राउमर १८०९ मध्ये मोठ्या आशेने तेथे गेले. परंतु शिक्षकांमधील भांडणे आणि जाहीर केलेली तत्त्वे व प्रत्यक्ष वर्ग यांतील अंतर पाहून काही महिन्यांतच निराश होऊन परतले. त्यांचा अनुभवही वाया गेला नाही. पुढे त्यांनी शिक्षणशास्त्राचा मोठा इतिहास लिहिला आणि त्यात पेस्टालॉझींचे मोठेपण व मर्यादा दोन्ही नोंदवल्या.

४. पद्धत पोहोचते, हेतू हरवतो

इंग्लंडचे चार्ल्स मेयो १८१९ ते १८२२ या काळात इव्हर्डाँला इंग्रज मुलांसोबत होते. परतल्यावर त्यांनी शाळा काढली. त्यांची बहीण एलिझाबेथ मेयो यांनी १८३० च्या सुमारास वस्तूंवर आधारित पाठांचे पुस्तक तयार केले. काचेचा तुकडा मुलांच्या हाती द्यायचा आणि तो पारदर्शक, ठिसूळ, गुळगुळीत आहे हे त्यांच्याकडून काढून घ्यायचे, अशी त्यांची रीत होती. पुस्तक उपयुक्त होते. पण इव्हर्डाँ न पाहिलेल्या असंख्य शिक्षकांच्या हाती पुस्तक तेवढे पोहोचले. अनेक वर्गांत मुले गुणधर्मांची यादी पाठ करू लागली. घोकंपट्टी टाळण्यासाठी जन्मलेली पद्धत स्वतःच घोकंपट्टी झाली.

ब्रिटिश काळात ही पद्धत भारतातील शाळांतही आली. मराठीत तिला ‘वस्तुपाठ’ म्हणत. आज कोणी वागण्यातून आदर्श दाखवला की आपण ‘वस्तुपाठ घालून दिला’ असे म्हणतो. त्या शब्दामागे वर्गातील हा इतिहास आहे.

५. निष्कर्ष

या उदाहरणांतून तीन गोष्टी दिसतात. पहिली, पाहुणा म्हणून शाळा पाहणे आणि तेथे राहून वर्ग सांभाळणे यांत फरक आहे. फ्रोबेल यांना गुण-दोष दोन्ही उमगले, कारण रोजच्या कामाची जबाबदारी त्यांच्यावर होती. दुसरी, निराशाही शिक्षकाला घडवते, मात्र तिचा विचार करायला हवा. तिसरी, साहित्य आणि पाठाच्या पायऱ्या सहज आणता येतात. ‘हे असे का करायचे?’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक शिक्षकाला आपल्या वर्गात नव्याने शोधावे लागते.

भारतात २०१४ च्या नियमांनुसार दोन वर्षांच्या बी.एड. अभ्यासक्रमात २० आठवड्यांची शालेय आंतरवासिता आहे. बहुतेक छात्राध्यापकांसाठी ती शाळा परदेशात नसते, पण दुसऱ्या भाषेच्या, वेगळ्या परिस्थितीतल्या मुलांची असू शकते. तेथून परतताना पाठ-टाचणांच्या वहीखेरीज आपण काय घेऊन येतो, यावर त्या २० आठवड्यांचे मोल ठरते.

विचार करा

१. सूवर्न यांची सूचना आणि मेयो यांच्या पुस्तकाचा पुढील वापर यांची तुलना करा.
२. राउमर यांचा अनुभव अयशस्वी म्हणता येईल का? कारणे द्या.