जळगाव, धुळे आणि जाडजूड ळ

परवा मामांच्या दुकानाचा बोर्ड करायची जबाबदारी माझ्यावर आली. "तू कॉम्प्युटरवाला ना, मग तूच कर!" मजकूर सोपा होता. वर दुकानाचं नाव, खाली 'जळगाव – धुळे'. मी शनिवारी सकाळी बसलो, हाताशी होता तो फॉन्ट सॉफ्टवेअरमधून आणखी जाड केला आणि फाइल छापायला पाठवून दिली. बोर्ड आला तेव्हा मामा रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. म्हणाले, "अरे, या ळची दोन्ही पोटं बुजली. लांबून नुसते डाग दिसतात."

चूक सर्वस्वी माझी. पण त्यानिमित्ताने दोन वीकएंड या जाड अक्षरांच्या मागे लागलो, आणि हाती बरंच काही लागलं.

पहिली गंमत म्हणजे ठळक अक्षर ही मुळात बाजाराची गरज. जुन्या पोथ्या पाहा. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली रामदासी बाडं आहेत. अशा हस्तलिखितांमध्ये एखादी गोष्ट उठून दिसायला हवी असेल तर लिहिणारा शाई बदलायचा, लाल शाई किंवा गेरू वापरायचा. वाचणारा पोथीपुढे मांडी घालून बसलेला, त्याला लांबून ओरडून सांगायची गरजच काय?

गरज पडली ती भिंतीवरच्या कागदाला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये लॉटरीच्या आणि मालाच्या जाहिरातींसाठी 'फॅट फेस' नावाची अक्षरं आली. उभ्या रेघा प्रचंड जाड, आडव्या केसासारख्या बारीक, आणि टोकांना सेरिफ. पुढे १९२२ मध्ये शिकागोच्या ऑस्वल्ड कूपरचा 'कूपर ब्लॅक' आला, गोलमटोल सेरिफवाला. तो आजही टी-शर्टवर दिसतो.

आपल्याकडे गोष्ट वेगळी. देवनागरीला सेरिफ नाही. आपली जाडी-बारकी बोरूच्या तिरक्या कापातून येते. ही वळणं धातूत उतरवण्यात मुंबईचा मोठा वाटा. अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टॉमस ग्रॅहमने देवनागरी टाइप सुधारला. तिथेच काम शिकलेल्या जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, आणि राणोजी रावजी आरूंनी त्यासाठी पोलादी ठसे कोरले. पोलादाच्या टोकावर अक्षर कोरायचं, ते तांब्यात ठोकायचं, त्या साच्यात शिसं ओतायचं, की झाला खिळा. इंग्रजीला शे-सव्वाशे खिळ्यांत भागतं. आपल्याला जोडाक्षरं, मात्रा, वेलांट्या धरून कित्येकशे लागतात. जाड टाइप हवा म्हणजे हा सगळा संच पुन्हा कोरायचा! तेव्हा 'बोल्ड'चं बटण नव्हतं.

खानदेशही मागे नव्हता. नारायण नरसिंह फडणीसांचं 'काव्यरत्नावली' हे निव्वळ कवितेला वाहिलेलं मासिक १८८७ मध्ये जळगावातून सुरू झालं. १९०७ मध्ये जळगावातच कविसंमेलन भरलं, आणि धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरेंना 'बालकवी' हे नाव तिथे मिळालं. म्हणजे अक्षरांची हौस आपल्या मातीत जुनी आहे.

आता तांत्रिक भाग. अक्षर जाड करायचं तर रेघ दोन्हीकडे वाढते, बाहेर आणि आत. 'ग' किंवा 'र'ला फारसा त्रास होत नाही. पण ळ, झ, क्ष यांच्या पोटातली पांढरी जागा मुळातच चिमूटभर. वर मात्रा आणि खाली उकार, त्यामुळे उंची वाढवायलाही वाव नाही. म्हणून चांगला डिझायनर ळच्या गाठी मोठ्या करतो आणि जिथे रेघा मिळतात तिथे त्या हळूच बारीक करतो. सॉफ्टवेअरचा खोटा बोल्ड हे करत नाही, तो सगळीकडे सारखाच रंग थापतो. माझं नेमकं तेच झालं.

मोकळेपणाने वापरता येणारे चांगले पर्यायही आहेत. इंडियन टाइप फाउंड्रीचा 'रोझा वन' हा जाड-बारीकचा टोकाचा फरक ठेवतो, म्हणजे फॅट फेसचा देवनागरी भाऊच. एक टाइपचा 'मोदक' तर नावाप्रमाणेच गुबगुबीत. आणखी एक सांगतो. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीचे ल आणि श कसे असावेत हे ठरवून दिलंय. काही फॉन्टमध्ये ही रूपं दडलेली असतात, आणि मजकुराची भाषा 'मराठी' नोंदवली तरच बाहेर येतात. नाहीतर हिंदी वळण छापलं जातं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

सगळ्यात मजेची गोष्ट शेवटी. आमच्या घरी अहिराणीत ळ जवळजवळ नाहीच. 'डोळा'चा 'डोया' होतो, 'काळा'चा 'काया'. तोंडात नसलेलं हे अक्षर आमच्या दोन्ही गावांच्या नावात मात्र ठाण मांडून बसलंय. ते आम्ही बोलत नाही, फक्त पाहतो. मग निदान दिसायला तरी नीट हवं की नको?

असो. बोर्ड पुन्हा केला, पोटं मोकळी ठेवली. मामा परत रस्त्यापलीकडे गेले आणि तिथूनच ओरडले, "आते दिखस!"

तुम्हीही फॉन्ट निवडताना आधी आपल्या गावाचं नाव टाइप करा आणि चार पावलं मागे जाऊन बघा.