उजनी जलाशय (करमाळा परिसर)

उजनी जलाशय हा महाराष्ट्रातील भीमा नदीवरील उजनी धरणामुळे निर्माण झालेला विस्तीर्ण जलाशय आहे. त्याला यशवंतसागर असेही म्हणतात. धरण सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात असून पाणफुगवट्याचा मोठा भाग करमाळा (सोलापूर) व इंदापूर (पुणे) या तालुक्यांच्या सीमेवर पसरलेला आहे. नदीचा डावा काठ करमाळ्याचा, तर उजवा इंदापूरचा.

निर्मिती व विस्थापन

धरणाचे काम १९८० मध्ये पूर्ण झाले. भीमाकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली व ग्रामस्थांनी उंचावरील जागी नवी गावे वसवली. केत्तूर, पोमलवाडी, कुगाव, चिखलठाण ही करमाळा तालुक्यातील काही बाधित गावे होत. दौंड–सोलापूर लोहमार्गही नव्या मार्गाने वळवावा लागला. जुन्या मार्गावरील ब्रिटिशकालीन डिकसळ पूल पुढे दोन्ही तालुक्यांना जोडणारा रस्तापूल म्हणून वापरात आला.

पाणीसाठा

जलाशयाची एकूण क्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट (टीएमसी) आहे. त्यांपैकी सुमारे ५३ टीएमसी उपयुक्त, तर सुमारे ६३ टीएमसी मृत साठा आहे. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर मोजली जात असल्याने पाणी मृत साठ्यात उतरल्यावर ती 'उणे' नोंदवतात. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता. करमाळा तालुका पर्जन्यछायेत येतो. जलाशय भरतो तो मुख्यतः पुणे जिल्ह्यातील सह्याद्रीच्या पावसावर. त्यामुळे स्थानिक पाऊस अपुरा असतानाही धरण भरू शकते. या पाण्यावर काठच्या गावांत ऊस व केळीची शेती वाढली असून कंदर हे गाव केळीच्या निर्यातीसाठी ओळखले जाते.

पक्षी व वन्यजीव

हिवाळ्यापासून पाणी ओसरू लागले की उथळ, गाळाचे काठ उघडे पडतात. तेथे रोहित (फ्लेमिंगो), पट्टकदंब, चित्रबलाक इत्यादी पक्षी अन्नासाठी येतात. पक्षिनिरीक्षणासाठी इंदापूर तालुक्यातील भिगवण व कुंभारगाव प्रसिद्ध आहेत. काठापासून दूरच्या माळरानाचे स्वरूप निराळे आहे. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या माळढोक पक्षी अभयारण्याच्या मूळ सुमारे ८,४९६ चौ. किमी क्षेत्रात करमाळा तालुक्याचाही समावेश होता. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौ. किमी करण्यात आले.

पर्यटन

जलाशयाचे दर्शन ऋतूनुसार बदलते. पावसाळ्याच्या अखेरीस तो समुद्रासारखा विस्तीर्ण दिसतो. उन्हाळ्यात पाणी फार खालावले की बुडालेल्या वास्तू वर येतात. इंदापूर काठावरील पळसदेवचे प्राचीन मंदिर व करमाळा काठावरील कुगावचा इनामदार वाडा ही त्याची उदाहरणे. पर्यटकांना अवशेष वाटणाऱ्या या जागा विस्थापितांच्या दृष्टीने त्यांचे जुने गाव आहेत. जेऊर हे या भागातील सोयीचे रेल्वे स्थानक आहे. करमाळा शहरातील रावरंभा निंबाळकर यांनी बांधलेले, ९६ खांबांचे कमलाभवानी मंदिरही पाहण्यासारखे आहे.

जलवाहतूक व सुरक्षितता

रस्त्याने मोठा वळसा पडत असल्याने दोन्ही काठांवरील लोक दैनंदिन कामांसाठी होडीने ये-जा करतात. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. एक प्रवासी पोहून काठावर पोहोचला. पूर्वमोसमी वादळे अचानक येतात आणि उघड्या पाण्यावर त्यांना आडोसा नसतो. शिरसोडी व कुगाव यांदरम्यान पूल बांधण्यास शासनाने मंजुरी दिली आहे.