राखणदार

२०२२ च्या सप्टेंबरात नामिबियातून आठ चित्ते विमानाने कुनोला आले आणि त्या देशाचे नाव आपल्याकडे एकदम घरोघरी पोचले. मी शाळेत भूगोल शिकवत असे तेव्हा तो "हिरे आणि वाळवंट" एवढ्यातच आटपायचा. निवृत्तीनंतर सवड मिळाली, थोडे वाचले, आणि मग लक्षात आले की चित्त्यांपेक्षा तिथल्या माणसांची गोष्ट जास्त ऐकण्यासारखी आहे. तीच आज सांगतो. इतिहासाच्या मास्तराला तारखा दिल्याशिवाय करमत नाही, तेवढे सांभाळून घ्या.

नामिबियाच्या वायव्य कोपऱ्यात काओकोवेल्ड नावाचा कोरडा, डोंगराळ मुलूख आहे. हिंबा आणि हेरेरो हे गुराखी लोक तिथे राहतात. त्याच मुलखात वाळवंटात तगून राहणारे हत्ती आहेत आणि काळे गेंडेही आहेत. १९७० नंतरच्या दशकात तिथे शिकारीचा धुमाकूळ चालला. देशावर तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारची सत्ता होती. बंदुका सैनिकांकडे होत्या, सरकारी अधिकाऱ्यांकडे होत्या आणि काही गावकऱ्यांकडेही होत्या. हस्तिदंताला आणि गेंड्याच्या शिंगाला भाव होता. त्यात १९८० च्या सुमारास भयंकर दुष्काळ पडला, हिंबांची बहुतेक गुरे मेली. ज्याचे सगळे वैभव गोठ्यात, त्याचा गोठाच रिकामा झाला. पोटाला नाही म्हटल्यावर माणूस हरिण मारणारच. त्याला गुन्हेगार म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

गार्थ ओवेन-स्मिथ हे गृहस्थ या मुलखात प्रथम आले ते १९६० नंतरच्या दशकात, शेतीखात्यातल्या नोकरीवर. स्थानिक लोकांत फार मिसळतात म्हणून की काय, सरकारला ते नकोसे झाले आणि १९७० साली त्यांना तिथून हलवले. १९८२ मध्ये ते परत आले, या वेळी एका निसर्गसंस्थेच्या कामासाठी. त्याच वर्षी ब्लाइथ लाउटिट या चित्रकार बाईंनी गेंडे वाचवण्यासाठी ट्रस्ट काढला. (या बाई वनस्पतींची चित्रे काढत असत. चित्रे काढता काढता गेंड्यांच्या मागे लागल्या!)

ओवेन-स्मिथ यांच्यापुढे सोपा मार्ग होता. आणखी शिपाई आणायचे, आणखी लोक तुरुंगात घालायचे. त्यांनी ते केले नाही. जोशुआ कांगोम्बे या हेरेरो मुखियांशी आणि इतर मुखियांशी ते जाऊन बोलले. बोलण्यातून निघाले ते असे, की जनावरे संपावीत असे त्या म्हाताऱ्यांनाही वाटत नव्हते. फक्त त्यांना आजवर कोणी विचारलेच नव्हते. मग ठरले की राखणदार मुखियांनीच नेमायचे, आपल्याच माणसांतून. त्यांनी रानात फिरायचे, माग काढायचा आणि खबर आपल्या मुखियाला द्यायची. मोबदला म्हणजे मक्याचे पीठ वगैरे शिधा आणि थोडी रोख रक्कम. नेमलेल्यांत काही जण पूर्वीचे शिकारीच होते. त्यांच्याइतके माग काढणारे दुसरे कोण असणार म्हणा! काही वर्षांत शिकारीला चांगलाच आळा बसला.

पण राखायचे त्यांनी आणि फायदा कोणाचा? खरा पेच इथे होता. गोऱ्या शेतमालकांना आपल्या जमिनीवरच्या वन्य प्राण्यांवर कायद्याने हक्क मिळाले होते. ते प्राणी विकत, शिकारी पाहुणे आणत, पैसा कमावत. काळ्या लोकांच्या सामाईक जमिनीवर तोच प्राणी सरकारी. मार्गारेट जेकबसन या मानववंशशास्त्रज्ञ बाई हिंबांमध्ये राहून अभ्यास करत होत्या, पुढे त्या ओवेन-स्मिथ यांच्या सहकारी आणि जोडीदार झाल्या. १९८७ मध्ये पुर्रोस या लहानशा वस्तीत त्यांनी एक प्रयोग केला. येणाऱ्या प्रत्येक पर्यटकामागे थोडी रक्कम गावाला. रक्कम मोठी नव्हती, पण आपल्या रानातल्या हत्तीबद्दल कोणीतरी आपल्याला पैसे देते, हे तिथे पहिल्यांदाच घडत होते.

२१ मार्च १९९० ला देश स्वतंत्र झाला. १९९६ मध्ये कायदा बदलला आणि सामाईक जमिनीवरच्या लोकांनाही तसे हक्क मिळाले. अट अशी, की हद्द ठरवा, सभासदांची यादी करा, समिती निवडा, घटना लिहा आणि मिळकत कशी वाटणार ते सांगा. १९९८ मध्ये अशी पहिली चार संवर्धन क्षेत्रे नोंदली गेली. आज ती ऐंशीच्या वर आहेत आणि देशाची सुमारे पाचवा हिस्सा जमीन त्यांत येते.

त्या चारांतले एक तोरा. तिथल्या पुष्कळ लोकांची कहाणी वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. हे मूळचे दक्षिण आफ्रिकेतल्या रीमफास्माकचे. १९७३-७४ मध्ये वर्णभेदी सरकारने त्यांना घरांतून उठवले आणि शेकडो मैलांवरच्या या ओसाड मुलखात आणून टाकले. मूळ जमीन पुढे सैन्याच्या सरावाला वापरली. वर्णभेद संपल्यावर ती परत मिळाली, काही जण गेले, काही इथेच राहिले. ज्यांना दगडधोंड्यांत फेकले त्यांनीच १९९६ मध्ये एका पर्यटन कंपनीशी करार केला आणि आपल्या जमिनीवर पाहुण्यांची छावणी उभी केली.

सगळे गोड आहे असे मात्र समजू नका. हत्ती तहानलेला आला की पाण्याची टाकी फोडतो, नळ उपटतो. चार शेळ्या बाळगणाऱ्याने हत्तीचे कौतुक करत बसायचे की पाणी भरायचे? उगाब नदीच्या भागात यासाठी देशोदेशीचे स्वयंसेवक येतात, स्वतःच्या खर्चाने. एक आठवडा पाण्याच्या टाकीभोवती दगडांची भिंत बांधायची आणि दुसरा आठवडा हत्तींच्या मागावर फिरून नोंदी करायच्या. माणसाची टाकी शाबूत आणि हत्तीलाही बाहेर पाणी. उन्हात दगड वाहायला पैसे देऊन जायचे हे आपल्या लोकांना चमत्कारिक वाटेल, पण मला ती कल्पना आवडली.

या क्षेत्रांच्या मिळकतीत परदेशी हौशी शिकाऱ्यांचाही पैसा असतो. ते मला अजून पटत नाही. तिथले लोक म्हणतात, तो पैसा बंद केला तर राखणदाराचा पगार कोण देणार? यावर माझ्याकडे उत्तर नाही. २०२४ च्या दुष्काळात सरकारने सातशेवर वन्य प्राणी मांसासाठी मारायचे ठरवले, त्यांत ८३ हत्ती होते. तेव्हाही जगभर ओरड झाली. ओरडणाऱ्यांच्या घरी त्या दिवशी जेवण शिजले होते, एवढेच म्हणतो.

१९९३ मध्ये ओवेन-स्मिथ आणि जेकबसन यांना गोल्डमन पारितोषिक मिळाले. ओवेन-स्मिथ एप्रिल २०२० मध्ये वारले. कोरोनामुळे पर्यटक येणे थांबले होते, छावण्या ओस पडल्या होत्या, आणि राखणदारांचे पगार निघावेत म्हणून देणग्या जमवण्याची धडपड चालली होती.