इलेक्ट्रिक मड

इलेक्ट्रिक मड हा अमेरिकन ब्लूज गायक व गिटारवादक मडी वॉटर्स यांचा १९६८ साली प्रकाशित झालेला स्टुडिओ अल्बम आहे. शिकागो येथील चेस रेकॉर्ड्स या कंपनीच्या कॅडेट कॉन्सेप्ट या शाखेने तो प्रसिद्ध केला. वॉटर्स यांच्या जुन्या ब्लूज गीतांना सायकेडेलिक रॉक संगीताची जोड देण्याचा प्रयोग या अल्बममध्ये करण्यात आला. अल्बमची विक्री चांगली झाली, परंतु ब्लूजच्या समीक्षकांनी त्यावर कठोर टीका केली आणि पुढे खुद्द वॉटर्स यांनीही त्याच्याविषयी नापसंती व्यक्त केली. कालांतराने हिप-हॉप कलाकारांनी त्याची नव्याने दखल घेतली. ब्लूजचे अस्सल रूप कोणते आणि ते कोणी ठरवायचे, या वादात या अल्बमचा उल्लेख वारंवार होतो.

पार्श्वभूमी

मडी वॉटर्स यांचे मूळ नाव मॅकिन्ली मॉर्गनफील्ड. ते मिसिसिपी राज्यातील कापूस पिकवणाऱ्या प्रदेशात वाढले. १९४१ मध्ये लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी स्टोव्हल येथील मळ्यावर त्यांचे गायन प्रथम ध्वनिमुद्रित केले. १९४३ मध्ये ते शिकागोला स्थलांतरित झाले. तेथील गजबजलेल्या मद्यगृहांत साध्या गिटारचा आवाज ऐकू जाणे कठीण असल्याने त्यांनी विद्युत गिटार स्वीकारली. १९५०च्या दशकात चेस रेकॉर्ड्ससाठी त्यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणांमधून शिकागो ब्लूज ही शैली आकाराला आली.

१९५८ मध्ये वॉटर्स इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा तेथील लोकसंगीतप्रेमी श्रोत्यांच्या एका वर्गाला त्यांच्या विद्युत गिटारचा आवाज कर्कश वाटला. पुढे काही वर्षांतच इंग्लंडमधील तरुण रॉक वादकांनी हेच संगीत आदर्श मानले. रोलिंग स्टोन्स या वाद्यवृंदाचे नाव वॉटर्स यांच्या १९५० सालच्या एका गीतावरून घेतलेले आहे. मात्र ब्लूजवर आधारलेले रॉक संगीत जगभर विकले जात असताना वॉटर्स यांच्या स्वतःच्या अल्बमना मर्यादितच ग्राहक होता. कृष्णवर्णीय तरुण श्रोते सोल संगीताकडे वळले होते.

चेस रेकॉर्ड्सचे संस्थापक लिओनार्ड चेस यांचे पुत्र मार्शल चेस यांनी कॅडेट कॉन्सेप्ट ही शाखा सुरू केली होती. या शाखेच्या रोटरी कनेक्शन या वाद्यवृंदाच्या पहिल्या अल्बमला यश मिळाल्यानंतर, रॉक ऐकणाऱ्या तरुणांपर्यंत वॉटर्स यांना पोहोचवण्याची योजना मार्शल यांनी आखली.

ध्वनिमुद्रण

अल्बमचे ध्वनिमुद्रण मे १९६८ मध्ये शिकागो येथील टेर-मार स्टुडिओत झाले. मार्शल चेस यांच्यासह संगीत संयोजक चार्ल्स स्टेपनी निर्मितीत सहभागी होते. वॉटर्स यांच्या नेहमीच्या साथीदारांऐवजी जॅझ व सोल संगीतात मुरलेले स्टुडिओ वादक निवडण्यात आले. पीट कोझी, फिल अपचर्च व रोलंड फॉकनर यांनी गिटार, लुई सॅटरफील्ड यांनी बास गिटार, मॉरिस जेनिंग्ज यांनी ड्रम, जीन बार्ज यांनी सॅक्सोफोन आणि स्टेपनी यांनी ऑर्गन वाजवला. वॉटर्स यांनी या अल्बममध्ये गिटार वाजवली नाही. त्यांचा सहभाग केवळ गायनापुरता होता.

वा-वा पेडल व फझ या उपकरणांच्या साहाय्याने गिटारचे स्वर मुद्दाम विकृत करण्यात आले. वॉटर्स यांच्या मूळ शैलीत गायकाची ओळ आणि वाद्याचे उत्तर यांमध्ये जागा मोकळी सोडलेली असते. येथे ती जागा अनेक गिटारींच्या एकत्रित नादाने भरलेली आहे. वॉटर्स यांचे गायन मात्र बव्हंशी त्यांच्या पूर्वीच्या ढंगाचेच राहिले.

गीते

अल्बममध्ये एकूण आठ गीते आहेत:

१. आय जस्ट वाँट टू मेक लव्ह टू यू
२. हूची कूची मॅन
३. लेट्स स्पेंड द नाइट टुगेदर
४. शी इज ऑल राइट
५. मॅनिश बॉय
६. हर्बर्ट हार्पर्स फ्री प्रेस न्यूज
७. टॉम कॅट
८. द सेम थिंग

यांपैकी पहिले, दुसरे व आठवे गीत विली डिक्सन यांनी लिहिलेले असून वॉटर्स यांनी ती पूर्वीच लोकप्रिय केली होती. मॅनिश बॉय हेही त्यांचे १९५५ सालचे गाजलेले गीत होय. तिसरे गीत मूळ रोलिंग स्टोन्सचे आहे. म्हणजे वॉटर्स यांच्यापासून प्रेरणा घेतलेल्या वादकांची रचना येथे वॉटर्स यांनी गायली आहे. शी इज ऑल राइट या गीतात टेम्प्टेशन्स या सोल गायकवृंदाच्या माय गर्ल या गीताची धून गुंफलेली आहे.

प्रकाशन व प्रतिसाद

अल्बम ऑक्टोबर १९६८ मध्ये प्रकाशित झाला. बिलबोर्ड नियतकालिकाच्या अल्बम यादीत तो १२७व्या क्रमांकापर्यंत पोहोचला. या यादीत स्थान मिळवणारा हा वॉटर्स यांचा पहिलाच अल्बम होता.

ब्लूजच्या समीक्षकांचा प्रतिसाद प्रतिकूल होता. विद्युत उपकरणांचा गोंगाट, मूळ गीतांशी विसंगत संयोजन आणि बाजाराच्या मागणीपुढे एका थोर कलावंताला झुकवल्याचा आरोप, हे टीकेचे प्रमुख मुद्दे होते. मार्शल चेस यांनी पुढे ही टीका नाकारली. वॉटर्स यांना सायकेडेलिक गायक बनवण्याचा आपला हेतू नव्हता, तर एका संकल्पनेवर आधारित स्वतंत्र अल्बम करायचा होता, असे त्यांचे म्हणणे होते.

वॉटर्स यांची अडचण व्यावहारिकही होती. स्टुडिओत निर्माण केलेला हा नाद त्यांच्या नेहमीच्या वाद्यवृंदाला रंगमंचावर साकारता येत नव्हता. जे गाणे स्वतःच्या साथीदारांसह श्रोत्यांसमोर गाता येत नाही, ते ध्वनिमुद्रित करण्यात अर्थ नाही, अशी भूमिका त्यांनी नंतर मांडली.

नंतरची वाटचाल

१९६९ मध्ये याच धर्तीवर आफ्टर द रेन हा अल्बम निघाला. त्याच वर्षी, जवळपास त्याच वादकांसह, हाउलिन वुल्फ यांचाही सायकेडेलिक अल्बम प्रकाशित झाला. वुल्फ यांना तो आवडलेला नाही, हे त्याच्या मुखपृष्ठावरच छापलेले होते. वॉटर्स यांचा फादर्स अँड सन्स हा १९६९ सालचा दुसरा अल्बम मात्र त्यांच्या जुन्या शैलीकडे परतणारा होता. त्याने बिलबोर्डच्या यादीत इलेक्ट्रिक मडपेक्षा वरचे, ७०वे स्थान मिळवले. १९७७ मध्ये जॉनी विंटर यांनी निर्मिती केलेल्या हार्ड अगेन या अल्बममध्ये वॉटर्स यांनी मॅनिश बॉय पुन्हा गायले. या अल्बमला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

पुनर्मूल्यांकन

इलेक्ट्रिक मडमधील वादकांचे कार्य पुढील काळात अधिक महत्त्वाचे मानले गेले. पीट कोझी यांनी १९७०च्या दशकात माइल्स डेव्हिस यांच्या जॅझ वाद्यवृंदात गिटार वाजवली, तर सॅटरफील्ड यांनी अर्थ, विंड अँड फायर या वाद्यवृंदाला साथ केली.

पब्लिक एनिमी या हिप-हॉप गटाचे चक डी यांना याच अल्बममुळे ब्लूजची गोडी लागली व त्यातून ते वॉटर्स यांच्या मूळ ध्वनिमुद्रणांकडे वळले. मार्टिन स्कोर्सेसी यांच्या द ब्लूज या माहितीपट मालिकेतील गॉडफादर्स अँड सन्स (२००३) या मार्क लेव्हिन दिग्दर्शित भागात चक डी, मार्शल चेस व अल्बममधील वादक एकत्र आलेले दिसतात. वॉटर्स यांचे १९८३ मध्ये निधन झाले होते. ज्या तरुण पिढीसाठी हा प्रयोग करण्यात आला होता, तिच्यापेक्षा नंतरच्या पिढीतील कृष्णवर्णीय श्रोत्याने तो अशा प्रकारे आपलासा केला.