चीनमधील परकीय गुंतवणूक आणि आर्थिक वृद्धी (१९७८ ते २००१) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत चीनने साधलेली आर्थिक वृद्धी ही आधुनिक आर्थिक इतिहासातील एक महत्त्वाची घटना मानली जाते. १९७८ नंतरच्या वीस-बावीस वर्षांत या देशाचे राष्ट्रीय उत्पादन, शासकीय आकडेवारीनुसार, दरवर्षी सरासरी नऊ टक्क्यांहून अधिक वेगाने वाढत गेले. याच काळात चीन हा विकसनशील देशांपैकी सर्वाधिक थेट परकीय गुंतवणूक मिळविणारा देश बनला. या दोन घटना एकाच काळात घडल्यामुळे पहिलीचे कारण दुसरी होय, असा समज अनेक देशांत रूढ झाला. करसवलती द्याव्यात, जमीन उपलब्ध करून द्यावी, परकीय भांडवल आपोआप येईल आणि त्यापाठोपाठ विकासही येईल, या विचारावर अनेक शासनांनी आपली धोरणे आखली. भारतही त्यास अपवाद नाही. म्हणूनच चीनमध्ये प्रत्यक्षात कोणती गोष्ट आधी घडली आणि कोणती नंतर, हा प्रश्न केवळ कालक्रमाचा राहत नाही. त्याच्या उत्तरावर अनेक गावांच्या जमिनी आणि अनेक कामगारांचे जीवन अवलंबून राहिले आहे.

उद्दिष्टे व गृहीतक

चीनमधील परकीय गुंतवणुकीच्या धोरणाचा विकासक्रम पाहणे, आर्थिक वृद्धी व परकीय गुंतवणूक यांतील कालसंबंध तपासणे आणि या प्रक्रियेची सामाजिक किंमत लक्षात घेणे ही प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे आहेत. परकीय भांडवल हे चीनच्या वृद्धीचे मूळ कारण नसून, देशांतर्गत परिवर्तनाने पाया घातल्यानंतर त्या वृद्धीला निर्यातीची दिशा व तांत्रिक बळ देणारा तो एक घटक होता, हे लेखाचे गृहीतक आहे. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१९७८ पूर्वीची पार्श्वभूमी

१९४९ मध्ये साम्यवादी राजवट स्थापन झाल्यानंतर चीनमधील परकीय कंपन्यांचे अस्तित्व अल्पावधीतच संपुष्टात आले. १९५० च्या दशकात अवजड उद्योगांच्या उभारणीसाठी सोव्हिएत संघाचे साहाय्य मिळाले; परंतु १९६० मध्ये सोव्हिएत तज्ज्ञ परत बोलावले गेले. सोव्हिएत कर्जाची परतफेड केल्यानंतर चीनवर ना देशांतर्गत कर्ज आहे ना परकीय, ही बाब राष्ट्रीय अभिमानाची म्हणून सांगितली जाऊ लागली. अशा देशाने पुढे परकीय भांडवलाला दार उघडावे, यामागे तशीच निकड होती. १९७८ मध्ये परदेशातून अवजड यंत्रसामग्री आयात करण्याची महत्त्वाकांक्षी योजना आखली गेली. तिचा खर्च तेलाच्या निर्यातीतून भागेल, ही अपेक्षा फोल ठरली आणि परकीय चलनाची टंचाई जाणवू लागली. कर्जाचा बोजा न वाढविता तंत्रज्ञान व परकीय चलन मिळविण्याचा मार्ग म्हणून संयुक्त उपक्रमांचा विचार पुढे आला.

मात्र चीनची सुरुवात शून्यापासून झाली नव्हती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. मोठी झेप व सांस्कृतिक क्रांती यांनी अपरिमित हानी केली असली, तरी प्राथमिक शिक्षण व ग्रामीण आरोग्यसेवा यांचा प्रसार झाला होता. पुढे किनारपट्टीवरील कारखान्यांत दाखल झालेला तरुण कामगारवर्ग लिहिता-वाचता येणारा होता, याचे श्रेय कोणत्याही परकीय कंपनीकडे जात नाही.

वृद्धीचा प्रारंभ : ग्रामीण चीन

डिसेंबर १९७८ मध्ये साम्यवादी पक्षाच्या अकराव्या मध्यवर्ती समितीचे तिसरे अधिवेशन भरले आणि डेंग झियाओपिंग यांच्या नेतृत्वाखाली आर्थिक सुधारणांचे पर्व सुरू झाले. त्याच सुमारास आनहुई प्रांतातील शियाओगांग या गावी अठरा कुटुंबांनी सामुदायिक शेतीची जमीन आपसांत गुप्तपणे वाटून घेतली. ठरावीक धान्य शासनास द्यावे आणि उरलेले कुटुंबाने ठेवावे, ही ती व्यवस्था होती. आरंभी बेकायदेशीर असलेली ही पद्धत पुढे कुटुंब जबाबदारी पद्धत म्हणून देशभर स्वीकारली गेली. परिणामी १९७८ मध्ये ३०.४८ कोटी टन असलेले धान्योत्पादन १९८४ मध्ये ४०.७३ कोटी टनांवर गेले. शासनाने धान्याच्या खरेदीचे दर वाढविल्यामुळे शेतकऱ्यांच्या हाती पैसा आला.

या पैशातून आणि शेतीतून मोकळ्या झालेल्या मनुष्यबळातून गाव-नगर उद्योग वाढले. या उद्योगांतील रोजगार १९७८ मध्ये सुमारे २.८३ कोटी होता. तो १९८८ पर्यंत ९.५ कोटींच्या पुढे गेला. हे घडेल अशी केंद्रीय नेतृत्वाची अपेक्षाच नव्हती, हे डेंग यांनी १९८७ मध्ये मान्य केले होते.

आता याच काळातील परकीय गुंतवणुकीचा आकडा पाहू. १९८३ मध्ये प्रत्यक्षात आलेली थेट परकीय गुंतवणूक एक अब्ज डॉलरहूनही कमी होती. शंभर कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशात एवढ्या रकमेने राष्ट्रीय वृद्धीचा वेग ठरविला, असे म्हणता येणार नाही. गोदामे धान्याने भरली आणि गावोगावी छोटे कारखाने उभे राहिले, तेव्हा परकीय भांडवल जेमतेम उंबरठ्यावर होते.

विशेष आर्थिक क्षेत्रांची स्थापना

जुलै १९७९ मध्ये चीनने संयुक्त उपक्रमांचा कायदा केला. त्यात परकीय भागीदाराचा हिस्सा सर्वसाधारणपणे किमान २५ टक्के असावा, असे ठरविण्यात आले. बहुतेक विकसनशील देश परकीय मालकीवर कमाल मर्यादा घालत असताना चीनने किमान मर्यादा घातली, ही बाब लक्षणीय आहे. भारतात त्याच दशकात, १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार, बहुसंख्य कंपन्यांतील परकीय हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणला जात होता.

याच वेळी ग्वांगडाँग प्रांतासमोर वेगळाच प्रश्न होता. हाँगकाँगच्या सीमेला लागून असलेल्या बाओआन जिल्ह्यातून हजारो लोक जीव धोक्यात घालून पलीकडे पळून जात होते. सीमेवर पहारा वाढविण्यापेक्षा अलीकडेच रोजगार निर्माण करावा, हा विचार प्रांतिक नेतृत्वाने केंद्रापुढे मांडला. बाओआन जिल्ह्याचे १९७९ मध्ये शेनझेन शहरात रूपांतर झाले. ऑगस्ट १९८० मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांच्या नियमावलीस मान्यता मिळाली. ग्वांगडाँगमधील शेनझेन, जुहाई व शानटाऊ आणि फूजियानमधील शियामेन अशी चार क्षेत्रे निश्चित झाली. तेथे आयकराचा दर १५ टक्के ठेवण्यात आला. इतरत्र संयुक्त उपक्रमांना एकंदर ३३ टक्के कर होता.

चारही क्षेत्रांना जवळपास सारख्याच सवलती मिळाल्या. परंतु त्यांची प्रगती सारखी झाली नाही. शेनझेन महानगर झाले, तर शानटाऊ तुलनेने मागे पडले. केवळ सवलतींनी गुंतवणूक येत असती, तर हा फरक पडला नसता. शेनझेनच्या यशाचे खरे कारण त्याच्या सीमेपलीकडे होते.

गुंतवणूकदार कोण होते?

हाँगकाँगमध्ये जमिनीचे भाव व मजुरी वाढत चालली होती. तेथील कापड, खेळणी, घड्याळे आणि विजेच्या वस्तू बनविणाऱ्या लहानमोठ्या कारखानदारांना नवी जागा हवी होती. त्यांच्यापैकी अनेकांचे मूळ गाव ग्वांगडाँगमध्येच होते. भाषा एक, नातीगोती शाबूत आणि अंतर काही तासांचे. कच्चा माल व नमुने हाँगकाँगहून यावेत, काम पर्ल नदीच्या त्रिभुज प्रदेशात व्हावे आणि तयार माल हाँगकाँग बंदरातूनच जगभर जावा, अशी व्यवस्था रूढ झाली. १९८० च्या दशकाच्या आरंभी हाँगकाँगच्या कारखान्यांत सुमारे नऊ लाख कामगार होते. नव्या शतकाच्या आरंभी ते सुमारे दोन लाखांवर आले. तेथील कारखानदारी बंद पडली नव्हती, ती नदीकाठाने वर सरकली होती.

१९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात चीनमधील परकीय गुंतवणुकीपैकी निम्म्याहून अधिक गुंतवणूक हाँगकाँगमधून आली. तैवान व आग्नेय आशियातील चिनी वंशाच्या व्यापाऱ्यांचे भांडवल त्यात मिळविल्यास हे प्रमाण आणखी वाढते. काही रक्कम तर मुख्य भूमीतूनच हाँगकाँगला जाऊन, करसवलती मिळविण्यासाठी परकीय म्हणून परत आलेली होती. म्हणजेच ज्याला परकीय म्हटले गेले, त्यातील मोठा भाग परका नव्हता.

१९९२ नंतरचा ओघ आणि त्याचे योगदान

१९८४ मध्ये किनारपट्टीवरील चौदा शहरे खुली झाली, १९८८ मध्ये हायनान पाचवे विशेष क्षेत्र झाले आणि १९९० मध्ये शांघायमधील पुडोंगच्या विकासाचा निर्णय झाला. १९८९ नंतर सुधारणांबाबत संभ्रम निर्माण झाला होता. १९९२ च्या आरंभी डेंग यांनी दक्षिणेचा दौरा करून तो दूर केला. त्यानंतर परकीय गुंतवणुकीत अभूतपूर्व वाढ झाली. १९९१ मध्ये ती ४.४ अब्ज डॉलर होती. १९९२ मध्ये ११ अब्ज आणि १९९३ मध्ये २७.५ अब्ज डॉलर झाली. परंतु तोवर चीनची वेगवान वृद्धी सुरू होऊन तेरा-चौदा वर्षे झाली होती.

या भरभराटीच्या काळातही परकीय गुंतवणुकीचे स्थूल देशांतर्गत उत्पादनाशी प्रमाण १९९४ मध्ये सुमारे सहा टक्के होते, तर देशांतर्गत बचतीचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास होते. चीनला पैशाची चणचण नव्हती. परकीय कंपन्यांनी आणले ते जागतिक बाजारपेठेतील गिऱ्हाईक, उत्पादनाचे तंत्र आणि व्यवस्थापनाची शिस्त. १९८५ मध्ये चीनच्या निर्यातीत परकीय भांडवलाच्या उपक्रमांचा वाटा जेमतेम एक टक्का होता. २००१ मध्ये तो निम्म्यावर पोहोचला. हे योगदान मोठे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही.

शासनाने अटी घालण्याचा आपला अधिकारही सोडला नाही. मोटार उद्योगात परकीय हिस्सा ५० टक्क्यांवर जाऊ दिला गेला नाही. प्रवासी मोटारींबाबतची ही मर्यादा २०२२ मध्ये पूर्णपणे उठली. सुटे भाग देशातच बनविण्याचा आग्रह धरल्यामुळे स्थानिक पुरवठादारांचा वर्ग तयार झाला. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला, तेव्हा त्याच्याकडे अशी औद्योगिक पूर्वतयारी होती.

वृद्धीची सामाजिक किंमत

या यशाची किंमत प्रामुख्याने स्थलांतरित कामगारांनी मोजली. १९५८ च्या कुटुंबनोंदणी नियमांमुळे ग्रामीण व्यक्तीला शहरात काम मिळाले, तरी तेथील रहिवाशाचे हक्क मिळत नव्हते. मुलांचे शिक्षण, आरोग्यसेवा व घर या सर्वच बाबतींत ती पाहुणी ठरत असे. नोव्हेंबर १९९३ मध्ये शेनझेनमधील एका खेळण्यांच्या कारखान्यास आग लागून ऐंशीहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य दूरच्या प्रांतांतून आलेल्या तरुणी होत्या. खिडक्यांना गज होते आणि दारे बंद होती. १९९४ मध्ये कामगार कायदा संमत झाला व १ जानेवारी १९९५ पासून अमलात आला; त्याआधीची दीड दशके कारखाने अशा सर्वंकष कायद्याविना चालले होते.

प्रादेशिक विषमताही वाढली. परकीय गुंतवणुकीचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग पूर्व किनारपट्टीवर एकवटला. पश्चिमेकडील प्रांतांच्या वाट्याला प्रामुख्याने आपली तरुण मुले किनाऱ्यावर पाठविणे आले.

भारतीय अनुभवाशी तुलना

निर्यातीसाठी स्वतंत्र क्षेत्र ही कल्पना भारताला नवी नव्हती. कांडला येथे १९६५ मध्ये, म्हणजे शेनझेनच्या पंधरा वर्षे आधी, असे क्षेत्र स्थापन झाले होते. मुंबईतील सांताक्रूझ येथील क्षेत्र १९७३ चे आहे. तेथे इलेक्ट्रॉनिक्स व पुढे जडजवाहिराचा निर्यात उद्योग वाढला; पण त्याचा विस्तार सुमारे शंभर एकरांचा, तर शेनझेनच्या विशेष क्षेत्राचा ३२७.५ चौरस किलोमीटर. २००० मध्ये चीनचा अनुभव पाहून भारताने विशेष आर्थिक क्षेत्रांचे धोरण जाहीर केले आणि २००५ मध्ये कायदा केला. रायगड जिल्ह्यातील नियोजित क्षेत्रास शेतकऱ्यांनी तीव्र विरोध केला. सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातील २२ गावांत शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले आणि तो प्रकल्प मूळ स्वरूपात उभा राहिला नाही.

येथे दोन देशांतील मूलभूत भेद स्पष्ट होतो. चीनमध्ये शहरी जमीन राज्यसंस्थेची व ग्रामीण जमीन सामुदायिक मालकीची असल्याने भूसंपादनास शेतकऱ्याची संमती निर्णायक नव्हती. भारतात जमीन शेतकऱ्याच्या नावे असते आणि त्याला नकार नोंदविता येतो. चीनकडून करसवलतींचा नमुना घेता आला. शेजारचे हाँगकाँग, साक्षर ग्रामीण मनुष्यबळ आणि आधी सुधारलेली शेती यांचा घेता आला नाही. नकार देण्याचा शेतकऱ्याचा हक्क विकासातील अडथळा मानायचा की लोकशाहीचे बळ, याचे उत्तर भारताने स्वतःच द्यावयाचे आहे.

निष्कर्ष

१) चीनची वेगवान वृद्धी शेतीतील सुधारणा व गाव-नगर उद्योग यांतून सुरू झाली, परकीय भांडवलाचा मोठा ओघ त्यानंतर एका तपाहून अधिक काळाने आला.

२) परकीय भांडवलाचे मुख्य योगदान निधीच्या स्वरूपाचे नसून बाजारपेठ, तंत्रज्ञान व व्यवस्थापन या स्वरूपाचे होते.

३) समान सवलती असूनही क्षेत्रांची प्रगती असमान झाली. यावरून भौगोलिक स्थान व सामाजिक संबंध हे करसवलतींपेक्षा अधिक निर्णायक ठरले, असे दिसते.

४) वृद्धीचे लाभ किनारपट्टीकडे आणि तिचे ओझे स्थलांतरित कामगारांकडे गेले.

२०२३ व २०२४ या दोन्ही वर्षांत चीनमधील थेट परकीय गुंतवणुकीत मोठी घट नोंदली गेली. तरीही शासकीय आकडेवारीनुसार वृद्धिदर पाच टक्क्यांच्या आसपास राहिला. परकीय भांडवल संधी पाहून येते आणि संधी पाहून जाते. शेती, शिक्षण, बचत व स्थानिक उद्योजकता ही मात्र देशातच राहणारी संपत्ती आहे. चीनच्या या दोन दशकांच्या इतिहासातून अन्य विकसनशील देशांनी धडा घ्यावयाचा असेल, तर तो विशेष क्षेत्रांच्या कुंपणाआधी शियाओगांगच्या शेतात शोधावा लागेल.