हलका मीटलोफ : चरबी कमी, ओलावा कायम

जबलपूर : खिमा, पाव, अंडे व कांदा एकत्र करून पावाच्या साच्यात भाजलेला मीटलोफ हा मूळचा पाश्चात्त्य घरगुती पदार्थ. छावणी आणि रेल्वेभोवती वाढलेल्या जबलपूरसारख्या शहरांतील अँग्लो-इंडियन स्वयंपाकघरांत अशा पदार्थांना देशी मसाल्यांची जोड मिळाली.

मुंबई व कलकत्ता यांना जोडणारा रेल्वेमार्ग ७ मार्च १८७० रोजी जबलपूर येथे पूर्ण झाला. १९०४ मध्ये येथे गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली. एकेकाळी देशभरात रेल्वेच्या नोकरीत मोठ्या संख्येने असलेल्या अँग्लो-इंडियन समाजाची ‘बॉल करी’ प्रसिद्ध आहे. तिच्यातील खिम्याच्या गोळ्यांत आले, लसूण, हिरवी मिरची व कोथिंबीर असते. हेच मिश्रण साच्यात दाबून भाजल्यास देशी चवीचा मीटलोफ तयार होतो.

कोरडेपणा कसा टाळावा?

मीटलोफ हलका करण्यासाठी केवळ चरबी कमी करणे पुरेसे नसते. शिजताना मांसातील प्रथिने आकसून पाणी बाहेर टाकतात. चरबी कमी असल्यास लोफ कोरडा व चिवट होतो. दुधात भिजवलेला पाव आणि किसलेली भाजी हा ओलावा धरून ठेवतात. मिश्रण जास्त मळल्यासही लोफ घट्ट होतो, म्हणून ते हलक्या हाताने कालवावे.

साहित्य व कृती

चार व्यक्तींसाठी कातडे काढलेल्या कोंबडीचा ५०० ग्रॅम खिमा घ्यावा. मटण वापरायचे असल्यास रानाच्या मांसावरील चरबी काढून खिमा करून घ्यावा. पावाच्या दोन चकत्या पाव वाटी दुधात भिजवून कुस्कराव्यात. एक कांदा चमचाभर तेलात परतून थंड करावा. एक वाटी किसलेला दुधी अथवा गाजर, एक अंडे, दोन चमचे आले-लसूण वाटण, दोन हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, अर्धा चमचा मिरपूड व पाऊण चमचा मीठ एकत्र करावे. दुधी असल्यास तो आधी पिळून घ्यावा. खिमा सर्वांत शेवटी मिसळावा.

संपूर्ण लोफ १८० अंश सेल्सिअस तापमानाला भाजण्यास ४५ ते ५० मिनिटे लागतात. कामाच्या दिवशी हेच मिश्रण कपकेकच्या साच्यांत भरल्यास २० ते २५ मिनिटे पुरतात. ओव्हन नसल्यास दोन लहान डबे झाकून, शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये सुमारे अर्धा तास वाफवावेत आणि चकत्या तव्यावर खरपूस कराव्यात. केचपमध्ये मीठ व साखर असल्याने त्याऐवजी टोमॅटो, किंचित गूळ व व्हिनेगर आटवून वरून लावता येते. कापण्यापूर्वी लोफ दहा मिनिटे तसाच ठेवल्यास रस आत राहतो.

तापमानाची खबरदारी

अखंड मांसाच्या पृष्ठभागावर असलेले जीवाणू खिमा करताना आतपर्यंत मिसळतात. त्यामुळे लोफचा मध्यभाग पूर्ण शिजणे आवश्यक असते. कोंबडीच्या खिम्यासाठी मध्यभागी ७४, तर मटणासाठी ७१ अंश सेल्सिअस तापमान सुरक्षित मानले जाते. केवळ रंगावरून खात्री होत नसल्याने स्वयंपाकाचा थर्मामीटर उपयुक्त ठरतो.

उरलेला लोफ दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा. जबलपूरच्या उन्हाळ्याप्रमाणे तापमान ३२ अंशांच्या वर असल्यास ही मुदत एक तासाची समजावी. फ्रीजमधील लोफ तीन ते चार दिवसांत संपवावा. नीट गरम केलेल्या त्याच्या चकत्या दुसऱ्या दिवशी पोळी किंवा पावासोबत डब्यात देता येतात.